सांधे आणि निनावी विष

कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हंडिगोडू नावाचे गाव आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर या भागातल्या शेतमजूर दलित कुटुंबांत एक विचित्र आजार लक्षात आला. माणसे ऐन उमेदीत कंबरेतून आणि गुडघ्यांतून जायबंदी होत होती; काहींना उभे राहणेही जमत नव्हते. ही कुटुंबे भातखाचरांतले खेकडे आणि मासे खात आणि त्याच खाचरांत नवी कीटकनाशके फवारली जात होती. विष खेकड्यात, खेकडा पोटात आणि पोटातून विष सांध्यात, ही साखळी कोणालाही पटेल अशीच होती. अभ्यासकांनीही ती गांभीर्याने घेतली. पुढे घराघरांच्या वंशावळी मांडल्या गेल्या, तेव्हा मात्र आजार पिढ्यांतून ठरावीक रीतीने उतरताना दिसला: आई किंवा वडील बाधित असतील तर साधारण निम्म्या मुलांना तो होण्याची शक्यता. हाडे आणि कूर्चा यांच्या घडणीतच आनुवंशिक दोष होता. खेकडा निर्दोष सुटला, पण त्याच्यावरचा आरोप काही वर्षे टिकला.

नेल्लोरची कथा वेगळी. मद्रास इलाख्यातल्या या जिल्ह्यातून १९३७ साली एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मान वळवता न येणाऱ्या, पाठ ताठ झालेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. असा रुग्ण आजही कोणा घरी असला तर ‘वात आहे, वय झाले’ म्हणून तेल चोळण्यावर भागवले जाईल. कारण होते पिण्याच्या पाण्यात. फ्लोराइड वर्षानुवर्षे हाडांत साठत जाते, अस्थिबंधांत चुना भरतो, मणके एकमेकांना सांधले जातात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे दीड मिलिग्रॅमची आहे. भारतीय मानक एक मिलिग्रॅम सांगते आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत सवलत देते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांचे भूजल ही मर्यादा ओलांडते. उथळ विहिरी आटल्या, बोअर खोल गेल्या आणि खडकात दीर्घकाळ मुरलेले पाणी हंड्यात आले. आहाराचा धागाही इथे आहे, कारण ज्या मुलांच्या जेवणात कॅल्शियम तुटपुंजे असते त्यांच्या हाडांची हानी जास्त होते. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ आपल्याच नागपूरच्या नीरी संस्थेने १९७०च्या दशकात तयार केली. म्हणजे विष ओळखले गेले, त्याची मात्रा ठरली, उताराही हाती आला. त्याची आठवण मात्र आहारावरच्या आपल्या चर्चांमध्ये क्वचितच निघते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवण्याचे कारण असे, की अन्नपाण्यातून सांधे बिघडू शकतात का या प्रश्नाला सरसकट होकार आणि सरसकट नकार हे दोन्ही खोटे आहेत. बिघडू शकतात, हे नेल्लोरने दाखवले. तसे वाटणे आणि तसे असणे यांत अंतर असते, हे हंडिगोडूने. ते अंतर कापायचे तर विषाला नाव लागते, मात्रा लागते, शरीरात शिरण्याची वाट दाखवावी लागते आणि ते काढून घेतल्यावर रोग हटतो का हे तपासावे लागते. आज आपल्या मोबाइलवर रोज येऊन आदळणाऱ्या ‘टॉक्सिन’ला यातले काहीही नाही. ते कुठल्या अवयवात साठते, रक्तात किती असते, कोणत्या चाचणीत दिसते, हे कोणी सांगत नाही. फक्त ते ‘बाहेर काढणारा’ रस, चूर्ण किंवा सात दिवसांचा उपक्रम विकला जातो. निनावी विषाची मोठी सोय ही की ते गेले की नाही हे कधीच सिद्ध करावे लागत नाही.

मुळात सांधेदुखी हा एक आजारच नाही आणि आहाराच्या सल्ल्यातला निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर जाऊन सांध्यांच्या आणि स्नायूंच्या दुखण्याची पाहणी झाली. सुमारे १८ टक्के प्रौढांना असे काही ना काही दुखणे होते, पण ज्याला आपण बहुधा आमवात म्हणतो तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस साधारण अर्ध्या टक्क्यालाच. बाकीच्यांत गुडघ्यांची झीज, कंबर, मान, श्रमाने आलेल्या स्नायूंच्या तक्रारी. आता यांना सगळ्यांना एकच पथ्य कसे लागू पडावे? कोकणातली तारली किंवा बांगडा घ्या. त्यांतली ओमेगा-३ स्निग्धाम्ले ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमधला दाह थोडासा कमी करतात, असे मासळीच्या तेलावरच्या चाचण्या सांगतात. तीच तारली गाउट असलेल्या माणसाला जपून खावी लागते, कारण तिच्यात प्युरीन भरपूर असते आणि त्याचे शरीरात युरिक ॲसिड होते. एकाच माशाबद्दल दोन विरुद्ध सल्ले आणि दोन्ही बरोबर. ‘सांधेदुखीवर हे खा, हे टाळा’ अशी यादी छापणाऱ्याने आधी कोणत्या सांधेदुखीवर, एवढे तरी विचारायला हवे.

गाउटकडे थोडे निवांतपणे पाहू, कारण आहार आणि सांध्यातला दाह यांचे नाते इतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. रक्तातले युरिक ॲसिड मर्यादेपलीकडे गेले की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक धरतात. पांढऱ्या पेशी ते गिळायला जातात आणि भडका उडतो. पायाच्या अंगठ्यावर चादर सहन होत नाही. या पेशींच्या आतला कोणता प्रथिनसमूह स्फटिक पाहून पेटतो, हे २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. म्हणजे नाव आहे, मात्रा आहे, वाटही आहे. मग खाण्यापिण्यातले दोषी कोण? अमेरिकेत ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षे नजर ठेवून ह्योन चॉय आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. मांस आणि सागरी मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट जास्त, दूधदुभते जास्त घेणाऱ्यांत कमी, आणि प्युरीन असलेल्या भाज्या किंवा डाळींचा काही दोष नाही. त्याच गटाच्या अभ्यासात मद्यांपैकी बिअर सर्वांत दोषी ठरली. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: दिवसाला दोन किंवा अधिक साखरयुक्त शीतपेये पिणाऱ्यांत, क्वचित पिणाऱ्यांपेक्षा गाउटचा धोका ८५ टक्के अधिक होता. फ्रुक्टोज यकृतात पचताना पेशींचा ऊर्जासाठा झपाट्याने मोडतो आणि त्याच्या अवशेषातून युरिक ॲसिड तयार होते, हे त्यामागचे रसायन.

आता आपल्याकडचा रिवाज पाहा. युरिक ॲसिडचा रिपोर्ट हाती पडला की पहिल्यांदा तूरडाळ बंद होते, मग पालक, टोमॅटो, राजमा, आणि ‘आंबट’ म्हणून दही आणि ताकही. कोल्ड्रिंकची बाटली फ्रिजमध्ये तशीच राहते आणि शनिवारची बिअरही सुटत नाही. ज्याच्याविरुद्ध पुरावा नाही त्याला शिक्षा, ज्याच्याविरुद्ध आहे तो मोकळा, आणि जे दूधदुभते उपकारक दिसते तेही ताटातून गेले. डाळ सोडण्याचे नुकसान दिसत नाही म्हणून ते नाही असे नव्हे. साठीच्या पुढची, आधीच प्रथिने कमी खाणारी बाई डाळ, शेंगदाणे, दही सोडते तेव्हा तिच्या मांडीचे स्नायू आणखी क्षीण होतात आणि गुडघ्याला आधार देणारे तेच तर असतात. वातूळ म्हणून वांगी, वाल, पावटे, हरभरा एकेक करून वजा केले की उरतो भात, चहा-बिस्किटे आणि उपासाचा साबुदाणा. घरातल्या पथ्याचा सर्वांत मोठा भार बायकांच्या ताटावर पडतो, हे वेगळे सांगायला नको.

इथे एक हिशेबी आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपीय वंशाच्या अमेरिकी लोकांवरच्या विश्लेषणात असे आढळले की माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकापैकी कोणताही एक पदार्थ एक टक्कासुद्धा स्पष्ट करत नाही, तर जनुके जवळजवळ २४ टक्के करतात. मग आहारावर एवढी शाई कशाला? कारण लोकसंख्येतला फरक कशाने पडतो हा एक प्रश्न आणि एका रुग्णाला आजचा झटका कशाने आला हा दुसरा. ज्याची मूत्रपिंडे मुळातच युरिक ॲसिड धरून ठेवतात त्याला एका रात्रीची बिअर पुरते. पण आक्षेपातला खरा भाग मान्य करायलाच हवा. वारंवार झटके येणाऱ्याला केवळ पथ्यावर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. युरिक ॲसिड उतरवणारी स्वस्त, जुनी, परिचित औषधे आहेत. ‘तुम्ही खाल्लेत म्हणून तुम्हाला झाले’ असे त्याला सुनावण्यात शास्त्रही नाही आणि माणुसकीही.

आहारातून होणाऱ्या दाहाचा दुसरा मार्ग बाहेरून येणाऱ्या विषाचा नाही, म्हणून तो बाजाराला विकता येत नाही. चरबीच्या पेशी नुसत्या गोदामासारख्या पडून नसतात. त्या दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडतात, हे १९९३ पासून माहीत आहे. लठ्ठपणात गुडघा झिजतो तो ओझ्याने, हे खरे. पण लठ्ठ माणसांत हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही जास्त आढळते आणि बोटांवर तर कोणी चालत नाही. अमेरिकेत गुडघेदुखी असलेल्या ४५४ वजनदार, प्रौढ रुग्णांची १८ महिन्यांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचे वजन सरासरी दहा टक्क्यांहून अधिक उतरले, दुखणे केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झाले, रक्तातला दाहाचा एक निर्देशकही घसरला. कोणता पदार्थ ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ आहे यावर इतके व्हिडिओ निघतात आणि एकूण किती खाल्ले यावर इतके थोडे, याचे कारण दुसऱ्यातून काही खपत नाही.

आयुर्वेदाच्या बाजूने विचारले जाईल की माधवनिदानाने शेकडो वर्षांपूर्वीच चुकीचा आहार, मंदावलेला अग्नी आणि सांधे यांचा संबंध सांगितला होता, मग नाव-मात्रा मागणारे तुम्ही कोण? त्या ग्रंथातले निरीक्षण उथळ नाही. आतडे आणि सांधे यांचे नाते आज आधुनिक संशोधनही शोधते आहे. नव्याने ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेल्या रुग्णांच्या आतड्यांत एका विशिष्ट जिवाणूचे प्रमाण वाढलेले २०१३ साली आढळले. नॉर्वेत १९९१ मध्ये ५३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आधी उपवास आणि मग वर्षभर शाकाहार घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सूज आणि वेदना घटली. सगळ्यांची नव्हे, आणि आपण काय खातो हे रुग्णांना ठाऊक होते, ही त्या चाचणीची मर्यादा. पण निरीक्षण म्हणजे निर्णय नव्हे, आणि ही गोष्ट पुण्याच्याच एका कामाने सर्वांत चांगली दाखवली. डॉ. चोप्रा यांच्या गटाने गुडघ्यांच्या झिजेवरच्या आयुर्वेदिक योगांची ४४० रुग्णांवर, कोणाला काय दिले हे झाकून, आधुनिक औषधांशी तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे योग त्यांच्या बरोबरीचे ठरले. त्याच चाचणीत काही रुग्णांच्या यकृताचे एन्झाइम वाढलेले सापडले आणि त्यांना थांबवावे लागले. गुण आणि दोष दोन्ही दिसले ते तपासल्यामुळेच. परंपरेचा मान राखण्याची याहून चांगली रीत मला दिसत नाही.

कीटकनाशकांचे काय, हा पुढचा प्रश्न. अन्नात अवशेष नसतात असे कोण म्हणेल? त्यांच्यावर कडक देखरेख हवीच. पण सांध्यांपुरता पुरावा पाहिला तर बोट खाणाऱ्याकडे कमी आणि फवारणाऱ्याकडे जास्त जाते. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या दीर्घ अभ्यासात काही ठरावीक कीटकनाशके हाताळणाऱ्यांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस अधिक आढळला. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा ही मात्रा कोणाच्या अंगावर पडते हे सर्वांनी पाहिले. शहरात सेंद्रिय भाजीची टोपली घरपोच मागवून सांधे वाचवणाऱ्यांना फवारणाऱ्याच्या तोंडावरच्या फाटक्या रुमालाची काळजी तितकी दिसत नाही. आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या बाहेरच्या कारणांत सर्वांत भक्कमपणे सिद्ध झालेले कारण ताटात नाहीच. ते विडी-सिगारेटचा धूर आहे.

‘पण मला टोमॅटो खाल्ला की दुखते’ असे सांगणाऱ्याला मी खोटे पाडणार नाही. न्यूझीलंडमधल्या गाउटच्या रुग्णांनीही टोमॅटोचे नाव घेतल्याची नोंद आहे. त्यावरचा उपाय घरबसल्या होतो: तो एकच पदार्थ दोन-तीन आठवडे बंद, मग पुन्हा सुरू, आणि हे एकदा नव्हे तर दोनदा. दुखणे दोन्ही वेळा कमी होऊन पुन्हा वाढले तर तो पदार्थ खुशाल सोडावा. फक्त स्वतःच्या टोमॅटोवरून सगळ्या शेजाऱ्यांच्या आमट्या बंद पाडू नयेत.

आता त्या विषांकडे, ज्यांना नाव आहे आणि तरीही ज्यांची चर्चा होत नाही. शिसे मूत्रपिंडाला इजा करते, युरिक ॲसिड अडकून राहते आणि गाउट होतो. इंग्रज डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्येच आपल्या गाउटच्या रुग्णांत नळकाम आणि रंगकाम करणारे बरेच असल्याचे नोंदवले होते. आज हे शिसे हळदीतून येऊ शकते. पिवळेधमक दिसावे म्हणून हळकुंडावर शिशाचा क्रोमेट रंग चढवतात. भारतीय मर्यादा किलोमागे दहा मिलिग्रॅमची. पाटण्यातल्या काही नमुन्यांत ती शंभर पटीहून जास्त ओलांडली गेल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. दाह कमी व्हावा म्हणून चमचाभर हळद दुधात घालणाऱ्याने तिचा रंग किती भडक आहे हेही पाहावे. हळदीचे सत्त्व मिऱ्यासह गोळीत भरून घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, हे जाता जाता. आणि सर्वांत घातक वस्तू अन्न म्हणून नव्हे, तर विषावरचा उतारा म्हणून पोटात जाते. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ पुडी घेतली आणि दोन दिवसांत गुडघे हलके झाले, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ‘पूरक’ गोळ्यांत वेष्टनावर न लिहिलेले डेक्सामेथासोन आणि डायक्लोफिनॅक सापडल्याचा इशारा दिला. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ सालीच छापून आले होते. चोरट्या स्टेरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे पोकळ होतात आणि पुडी एकाएकी सोडली तर माणूस कोसळू शकतो.

नाव कळले की यंत्रणेला काम करता येते, याचे उदाहरण शेजारीच आहे. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. हातात मावणाऱ्या क्ष-किरण यंत्राने बाजारातच तपासणी, दंड आणि जाहीर प्रचार यांमुळे २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. आपल्या अन्न व औषध प्रशासनाला सांधेदुखीच्या पुड्यांचे आणि सुट्या हळदीचे नमुने असेच उचलता येतील आणि निकाल नावानिशी जाहीर करता येतील. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने मोजलेले फ्लोराइड प्रत्येक बोअरच्या शेजारी, मिलिग्रॅमच्या आकड्यासह, मराठीत रंगवून ठेवायला फार खर्च येत नाही.

आणि दवाखान्यात, पथ्याच्या आधी, निदान. भिगवणच्या प्रमाणाने पाच हजार प्रौढांच्या गावात पंचवीसेक जणांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असणार. त्यात पहिले काही महिने मोलाचे असतात. तेव्हा मेथोट्रेक्सेटसारखे औषध सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून बऱ्याच अंशी वाचवता येतात. सकाळी उठल्यावर तासभर बोटे मिटत नाहीत आणि दोन्ही हातांची पेरे सुजली आहेत, अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याच आठवड्यात रक्ततपासणीला आणि तज्ज्ञाकडे पाठवावे. ती वांगी खाते का, हे पुढच्या भेटीत विचारले तरी चालेल.